एक घोडी, तीन होकार

घाटंजीच्या रामधन आडे यांच्या घरात कर्तेपण वयानं येत नसे, फोनबरोबर येत असे. फोन म्हणजे ‘आडे बिछायत केंद्रा’चा फोन. मांडव, गाद्या, खुर्च्या, गंजं-पातेली भाड्यानं द्यायचा हा धंदा. तालुक्यातल्या कुठल्याही लग्नात तुमच्या खालची खुर्ची किंचित डगमगत असली, तर ती आड्यांचीच समजायची. रामधन तो फोन शर्टाच्या आतल्या खिशात ठेवत. आंघोळीला जाताना तेवढा हंसाबाईंच्या हाती देत, आणि बाहेर येऊन परत मागत तेव्हा हंसाबाईंचा चेहरा खुर्ची गेलेल्या मंत्र्यासारखा होई.

त्या फोनवर सुनेचा, म्हणजे बबिताचा, डोळा होता.

बबिता यवतमाळच्या कॉलेजातून कम्प्युटर शिकून आलेली. लग्न झालं, लेक जमनी झाली, आणि पदवीचा कागद काचेत बसून बैठकीत मिक्सरच्या वरच्या खिळ्याला लागला. आल्या-गेल्याला तो दाखवला जाई, मग त्याच्याखाली चटणी वाटली जाई. एवढं शिकून सून घरात बसली, हे रामधनना बघवत नव्हतं. म्हणून त्यांनी परस्पर एका इंग्रजी शाळेच्या गुरुजींना शब्द देऊन टाकला होता, की शाळा उघडली की सून पाठवतो. काम काय, तर बालवाडीला कम्प्युटर शिकवायचा. म्हणजे चित्रातल्या माउसला पोरांकडून रंग भरून घ्यायचा. त्यासाठी दिवसभर जमनीला सोडून जायचं. जमनीला नुकते दात फुटले होते, आणि ते कशाकशावर चालवून बघायचे याची तिनं मोठी योजना आखली होती. अशा वेळी आई घरात नको, हे बबिताला पटेना. तिला काम हवंच होतं, पण जमनी मांडीवर राहील असं.

म्हणून एक दिवस तिनं स्वयंपाकघरात गंजं मांडून सासऱ्यांना शिकवणी दिली.

“हे पाहा बापूजी. तुमचा मांडव ही एक सेवा झाली. लखीराम काकाचा सैपाक ही दुसरी. यांचा डीजे तिसरी, अन गोविंदाभाऊची घोडी चौथी. आता काका वांग्याच्या भाजीत काय टाकते, हे घोडीवाल्याले मालूम असाची गरज नाही. कोणी कोणाच्या घरात डोकावाचं नाही. फक्त विचाराचं, अमुक तारखेले येता काय? चौघाईनंबी हो म्हटलं, का पार्टीले आपोआप मेसेज जाईन, तुमचं ठरलं. पार्टीले चार फोन नाही, आपल्याले चाळीस फोन नाही.”

रामधननी चारही गंजांकडे आळीपाळीनं पाहिलं. “मंग आतापावतर काय करून राह्यलो आमी? माह्या पणजोबाचा बैलाचा तांडा मीठ घिऊन मुलुखभर फिरे. त्याच्यात कुठी होता कम्प्युटर?”

“तांड्याले नाईक होता ना, बापूजी. हेबी तसंच. नाईक फक्त मोबाइलमंधी बसला.”

“मंग नाईक कोन, मी का मोबाइल?”

या प्रश्नाचं उत्तर बबितानं जमनीचं नाक पुसण्यात घालवलं. अखेर रामधननी आतल्या खिशातून फोन काढला आणि अट सांगितली. “आखजीपावतर फोन तुह्याजवळ. आखजीले कोनाच्याबी मांडवात काही कमी पडलं, तं फोन माह्याजवळ अन तू शाळेत.”

आखजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, दिवशी मुहूर्त पाहावा लागत नाही, त्यामुळे यवतमाळ जिल्हा लग्नाला आलेलं सगळं त्या दिवशी उरकून घेतो. बबितानं पदर खोचला.

काम सोपं होतं. पुस्तकात तर फारच सोपं होतं. पुस्तकात चार चौकोन असतात आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा असतात. घाटंजीत चौकोनांना माणसं लागलेली होती.

लखीराम आचाऱ्यांना टाइप करणं कमीपणाचं वाटे. ते बोलून पाठवत, आणि बोलता बोलता कढईत झारा चालू असे. तारीख विचारली, की आधी फोडणीचा आवाज, मग पोऱ्यांना शिव्या, मग तेलाच्या भावावर निरूपण, आणि शेवटी कुठंतरी, “होऊन जाईन, सूनबाई.” ते सगळं ऐकून हिरवं बटण दाबायचं काम यंत्राला जमेना, म्हणून ते बबिता करी. म्हणजे आपोआप चालणाऱ्या यंत्रणेचा हा एवढा भाग बबिता स्वतःच होती.

गोविंदा घोडीवाल्याचा फोन बटणांचा. त्याच्याशी ठरलं, की ‘हो’ असेल तर एक मिस कॉल द्यायचा, ‘नाही’ असेल तर दोन. त्यानं मान डोलावली आणि वर विचारलं, “अन घोडी बिमार असली तं?” तिसऱ्या मिस कॉलची सोय करण्यात बबिताच्या तीन दुपारच्या झोपा गेल्या. तिच्या नव्हे, जमनीच्या. कारण जमनी झोपे तेव्हाच बबिताचं ऑफिस उघडे, आणि जमनी उठली की चार्जरची वायर चघळत ते बंद करे.

आणि सगळ्यांत नादुरुस्त सेवा तिच्या स्वतःच्या घरात राहत होती. डीजेवाला शाम हा तिचा नवरा. तो मेसेज उघडतच नसे. शेजारच्या खोलीतून तिनं मेसेज धाडावा, टिंग वाजलेलं तिला ऐकू यावं, आणि तरी उत्तर नाही, म्हणून तिनं उठून जाऊन विचारावं, “येता काय त्या तारखेले?” यावर शाम म्हणे, “हे तं तू तोंडानंच विचारलं असतं. मेसेज कायले पाठवते?”

मग सरकारी काम. इतके मेसेज पाठवायचे तर दुकानाचा दाखला लागतो. दाखल्यासाठी रामधनच्या आधारला जोडलेल्या नंबरावर आकडा येतो. तो नंबर होता सुरतेला गेलेल्या भाच्याजवळ, आणि भाचा होता ड्युटीवर. नंबर बदलायचा तर बोट लावायचं. रामधननी बोट लावलं. आयुष्यभर मांडवाचे दोर ओढलेलं ते बोट. यंत्राला त्यावर एकही रेघ सापडेना. दहाही बोटं लावून झाली. यंत्राच्या मते रामधन आडे नावाचा माणूस जन्मालाच आलेला नव्हता.

“पायाचं लावू काय?” रामधननी कळवळून विचारलं.

खिडकीवरच्या साहेबांनी नाही म्हटलं नाही. ते म्हणाले, “होऊन जाईल, उद्या या.” उद्या गेले तर, “होऊन जाईल, यवतमाळला जा.” एसटीनं यवतमाळला गेले, जमनीनं वाटेत दोनदा फ्रॉक बदलायला लावला, आणि तिथले साहेब म्हणाले, “होऊन जाईल. घाटंजीचा शिक्का तेवढा आणा.” बबिता एसटीच्या खिडकीला डोकं टेकून विचार करत होती, की माझे चार चौकोन निदान एका गावात तरी आहेत. एक गोष्ट मात्र तिच्या ध्यानात आली नाही. या सगळ्या फेऱ्यांत तिला कोणीही, एकदाही, ‘नाही’ म्हटलेलं नव्हतं.

शेजारच्या कौसल्याकाकूंचे सल्ले रोजच्या रोज ताजे येत. काकूंचा भाऊ नागपूरला कम्प्युटरच्या दुकानात होता. त्यामुळे तो विषय त्यांच्या माहेरचा होता. “इतके लोकं एकाच मोबाइलमंधी भरू नको वो बाई, फुगते तो.” आणि दुसऱ्या दिवशी, “मी म्हणतो, नजर लागली असन त्याले. मिरच्या उतरून टाक.” काकूंचं बोलणं संपेपर्यंत ऐकायचं, आणि त्यांनी सोबत आणलेला नातवाच्या शिष्यवृत्तीचा अर्ज तेवढा भरून द्यायचा. बबिता भरून देई. तिनंही कधी नाही म्हटलेलं नव्हतं. घरात ‘नाही’ म्हणणारी व्यक्ती एकच, आणि ती गुडघ्याएवढी होती. वरणभात पुढं आला की जमनी मान फिरवी आणि स्पष्ट म्हणे, “नाई.”

अखेर भाच्याची ड्युटी संपली, आकडा आला, दाखला मिळाला आणि यंत्रणा सुरू झाली. काय तिचा थाट! पार्टीनं तारीख टाकावी आणि पटापट चार हिरवे दिवे लागावेत. मांडव हिरवा, सैपाक हिरवा, डीजे हिरवा, घोडी हिरवी. बबितानं एक लाल दिवाही केला होता, मोठ्या हौसेनं, कुंकवाच्या रंगाचा. तो एकदाही लागला नाही. तिला वाटलं, हेच आपल्या जोडणीचं यश.

यशाला तुरा म्हणून शामनं एक शोध लावला. घरातला जुना मोबाइल त्यानं कापडी पिशवीत घालून घोडीच्या गळ्यात बांधला. आता घोडी कुठवर आली, हे नवरदेवाकडच्यांना आपल्या मोबाइलवर दिसणार होतं. गोविंदानं पिशवीला गोंडा लावला.

आणि आखजी उगवली.

सकाळी ऊन नुकतं तापू लागलं तेव्हा पहिला फोन आला, मुकुटबनहून, नवरदेवाच्या वडिलांचा. “ताई, घोडी निघाली म्हणून मेसेज आला. पण ते तं इष्टँडच्या मांगच्या कडुनिंबाखालीच उभी दिसते. हालून नाही राह्यली.”

“निघतेच आहे काका,” बबिता म्हणाली.

दुसरा फोन घाटंजीतल्याच राजकुमार बियाणेवाल्यांचा. त्यांच्या पोराचं लग्न. “सूनबाई, आपली घोडी कडुनिंबाखाली कायले उभी हाय?”

तिसरा जवळच्या बंजारा तांड्यावरून. तांड्यावरच्या नवरदेवाच्या मामाला कडुनिंबाचं काही नव्हतं. त्याची तक्रार वेगळीच होती. “घोडीनं पाला खाल्ला काय? लय वेळची एकाच जागी दिसते.”

बबितानं यंत्रणा उघडली. तीन लग्नं, तिन्हीला सगळे दिवे हिरवेगार. मुकुटबन तिकडे झरी जामणीत, पांढरकवड्याच्या पार पुढं. घोडी रात्रीच निघाली असती तरी लग्नाला नव्हे, मांडवपरतणीला पोचली असती. तिनं गोविंदाला फोन लावला.

“गोविंदाभाऊ, तिघाईलेबी हो म्हटलं तुम्ही?”

“म्हनलं ना.”

“घोड्या किती आहेत तुमच्याजवळ?”

“एकच व्हय. तुमाले मालूम हाय ना.”

“मंग तिघाईले हो कसं म्हटलं?”

“तुमी विचारलं म्हनून म्हनलं.” गोविंदाचा आवाज दुखावला. “शुभ कामाले नाई कसं म्हनाव, ताई? पाप लागते. दरसाल असंच म्हनतो. मंग संध्याकाळी बापूजी चहाच्या टपरीवर बसते, म्हनते, गोविंदा, तू इकडे जा, तिकडे पांढरकवड्याची घोडी सांगू. यंदा बापूजी बसलेच नाई. म्या म्हटलं, मोबाइलनं सांगितलं असन पांढरकवड्याले.”

तिनं लखीराम काकांना लावला. तिन्ही मांडवांना काकाच येणार होते. मुकुटबनला त्यांचा साडू जातो आहे, असं त्यांनी ऐनवेळी परस्पर ठरवलं होतं. ‘होऊन जाईन’चा तोच अर्थ होता. शामनं दोन डीजे उसने आणले होते, आणि हे बायकोला सांगण्यासारखं काही आहे असं त्याला वाटलं नव्हतं. मांडव तर रामधनचे स्वतःचेच. कमी पडलेले त्यांनी वणीहून मागवले होते. ज्याला त्याला दुसरा माणूस सापडला होता. घोडीला दुसरी घोडी तेवढी सापडली नव्हती.

बबिता मटकन ओट्यावर बसली. कोणाच्या घरात डोकवायचं नाही, जो जे उत्तर देईल त्यावर विश्वास ठेवायचा, हे तिला कॉलेजात शिकवलं होतं. पण इथं ‘हो’ हे उत्तर नव्हतंच. तो नमस्कार होता. तारीख विचारली की आधी हो म्हणायचं, जसं कोणी भेटलं की आधी राम राम म्हणतात. खरं बोलणं त्यानंतर, टपरीवर, चहा पिता पिता. जोडणी करताना तिनं मधला फालतू वेळ म्हणून नेमका तो चहाच कापून टाकला होता.

“आता काय करतं वं?” हंसाबाईंनी विचारलं. त्या घाबरल्या की आधी वऱ्हाडीत विचारत आणि उत्तराची वाट न पाहता बंजाऱ्यांच्या गोरबोलीत देवाला हाका मारू लागत. त्या सुरू झाल्या.

पांढरकवड्याची घोडी कधीच दुसऱ्या लग्नाला लागली होती. वणीचीही. बबितानं मन घट्ट केलं आणि मुकुटबनला फोन लावला. खरं सांगून टाकायचं.

“काका, घोडीचं असं आहे…”

“निघाली ना ताई?” तिकडून आवाज आला. मागं सनई वाजत होती, बायका हसत होत्या.

“हो… म्हणजे… होऊन जाईन, काका.”

फोन ठेवला आणि तिला स्वतःच्या जिभेचा असा राग आला की बोलायची सोय नाही. घोडीवाला बोलला तर अडाणी, आणि आपण बोललो तर काय? एवढी शिकलेली जीभ, पण पाणी घाटंजीचंच प्यायलेली. कौसल्याकाकू कुंपणावरून बघत होत्याच. म्हणाल्या, “फुगला ना मोबाइल? मी म्हणलं होतं.”

जमनीची जेवायची वेळ झाली होती. जग बुडालं तरी वरणभात कालवावा लागतो. बबितानं घास पुढं केला. जमनीनं घासाकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, मान फिरवली.

“नाई.”

ना राग, ना लाज, ना पापाची भीती. म्हणून झाल्यावर ती आईच्या बांगड्यांशी खेळू लागली, जणू काही घडलंच नाही. आणि खरंच काही घडलं नव्हतं. छत कोसळलं नव्हतं. बबिता त्या वरणानं माखलेल्या हनुवटीकडे बघत राहिली. मग तिनं त्याच हातानं फोन उचलला.

“काका, घोडी येणार नाही.”

सनई वाजत राहिली. “म्हणजे उशिरानं येईन?”

“नाही.”

“म्हणजे दुसरी येईन?”

“दुसरीबी नाही, काका. चूक माझी आहे. एकच घोडी आहे, अन ती तुमच्याकडे येत नाही. घोडीचे पैसे वापस करतो. पण नवरदेवाचं दुसरं पाहून घ्या, आतापासून पाहाल तं होईन.”

हंसाबाई देवाला हाका मारायच्या थांबल्या. कुंपणावर काकूंचा पदर डोक्यावरून सरकला. शुभ कामाला, आखजीच्या दिवशी, घरच्या सुनेनं फोनवर नाही म्हटलेलं त्या दोघींनी आयुष्यात प्रथमच ऐकलं होतं.

तिकडे म्हातारा मोठ्यानं श्वास सोडून म्हणाला, “बरं केलं माय, टाइमावर सांगितलं. नाही तं पोरगं हार घालून उन्हात उभं राह्यलं असतं. थांब. अरे, तो नवा ट्रॅक्टर धुवा रे! लायटिंग लावा त्याले!”

मग तिनं तांड्याला फोन लावला. नवरदेवाचा मामा आधी चिडला, मग घोडीनं पाला जास्त खाल्ला असेल असं त्यानं आपणच ठरवलं, आणि पोराला खांद्यावर बसवून नाचवत न्यायचं नक्की केलं. घोडी गेली राजकुमारांकडे, कारण त्यांचा मांडव कडुनिंबापासून हाकेच्या अंतरावर होता आणि तेवढंच चालायची तिची त्या दिवशी तयारी होती. तिथं ती पोचेपर्यंत तिचं चालणं तीन गावांनी मोबाइलवर पाहिलं.

संध्याकाळी रामधन मांडवांवरून परतले. डोक्याला बांधलेला दुपट्टा घामानं भिजलेला. त्यांना सगळं कळलं होतं. त्यांनी फक्त हात पुढं केला. अट ती अट. बबितानं फोन पदराला पुसून त्यांच्या हातावर ठेवला, आणि आत जाऊन जमनीला थोपटत बसली. जमनी झोपलेलीच होती, तरी थोपटत बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला. लखीराम काका. “रामधनभाऊ, सूनबाईले द्या बरं जरासाक. एका जनाले नाई म्हनाचं हाय.”

“तू म्हन ना.”

“मले कसं जमन? त्याईले जमते.”

रामधन फोन घेऊन स्वयंपाकघरात गेले आणि परत घेऊन आले. थोड्या वेळानं गोविंदा. त्याला कोणी घोडी फोटोपुरती फुकट मागत होतं. रामधन पुन्हा आत. मग राजकुमारांच्या ओळखीचे कोणी. मग, आणि हे रामधनच्या जिव्हारी लागलं, मुकुटबनचा तोच म्हातारा. पुतणीच्या लग्नाचा मांडव त्याला आड्यांकडूनच हवा होता. “तुमच्या इथं एक बाई खरं सांगते म्हणते. तिले विचारून सांगा, येता का नाही.” दुपारपर्यंत रामधनच्या बैठकीपासून स्वयंपाकघरापर्यंत पायवाट पडायची वेळ आली.

चार वाजता पुन्हा वाजला. नाव पाहून रामधन उठून बसले. शाळेचे गुरुजी.

“राम राम रामधनभाऊ! मग, सूनबाई येताहेत ना? मी गृहीतच धरलंय.”

रामधनचं तोंड सवयीनं उघडलं. ‘हो’ ओठावर आलं होतं. त्यांनी दाराकडे पाहिलं. दारात बबिता उभी होती, कडेवर जमनी, जमनीच्या तोंडात चार्जरची वायर. रामधनचं तोंड तसंच उघडं राहिलं. हा माणूस उभ्या जन्मात कोणाला नाही म्हणाला नव्हता; यंत्रावर त्याचं बोट उमटत नव्हतं, पण शब्द तालुक्यात चालत होता.

त्यांनी फोन तिच्यापुढं धरला. “तुह्यासाठी हाय,” ते पुटपुटले, आणि चपला न घालताच ओट्यावर निघून गेले.

“गुरुजी, नमस्कार,” बबिता म्हणाली. “बापूजीनं शब्द दिला होता, ते चुकलं. मी येणार नाही. घरी काम आहे मले.”

ओट्यावर रामधन घोडीच्या वाटेकडे बघितल्यासारखे रिकाम्या रस्त्याकडे बघत बसले होते, पण कान आत होता. फोन ठेवल्याचं त्यांना कळलं. ते तो मागायला आत आले नाहीत. आतला खिसा त्यांनी एकदा चाचपला, रिकामा, आणि हात काढून घेतला.

फोन परत वाजला. लखीराम काका, मागं फोडणी. बबितानं तो कानाला लावला, जमनीला दुसऱ्या कडेवर घेतलं, वायर तिच्या तोंडातून सोडवली, आणि तेवढ्यात ओट्यावरून आवाज आला, “बबिता, चहा होईन काय?”

“नाही, बापूजी.”

मग स्वयंपाकघरात भांडं पडल्याचा आवाज आला, आणि रामधन आडे आपल्या बायकोला विचारत होते, की या घरात साखर कुठी ठेवत असतात.